चिदंबरम् नावाचे घर

(आजरा येथे श्रोत्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



२३ ऑगस्ट २०२३ ची सायंकाळ कोणीही विसरलेले नसेल. सहा वाजून चार मिनिटांनी भारताचे यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात अलगद उतरले आणि घराघरांत दूरदर्शन संचापुढे बसलेल्या आबालवृद्धांनी टाळ्यांचा गजर केला. त्या अवतरकाचे नाव होते ‘विक्रम’. चार वर्षांपूर्वी, सप्टेंबर २०१९ मध्ये, याच नावाचा अवतरक चंद्रभूमीवर आदळून निकामी झाला होता. नाव मात्र बदलले गेले नाही. शाळेतील मुले आज हे नाव सहज घेतात. परंतु ज्याच्या नावाने ते यान चंद्रावर उतरले, तो पुरुष कोण होता, त्याचे घर कसे होते, त्या घरात प्रयोगशाळेच्या बरोबरीने घुंगरांचा नाद कसा नांदत होता, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

आजरा हे गाव सह्याद्रीच्या कुशीतले. हिरण्यकेशीच्या पाण्यावर पोसलेले, घनसाळ तांदळाच्या सुगंधासाठी ख्यात झालेले. सूर्यपुत्र कर्णाची कथा ‘मृत्युंजय’च्या रूपाने मराठी मनात कायमची कोरणारे शिवाजी सावंत १९४० साली याच आजऱ्यात जन्माला आले. ‘मृत्युंजय’ प्रसिद्ध झाली १९६७ साली. त्याच काळात केरळच्या किनाऱ्यावरील एका कोळीवाड्यात भारताचे अंतराळ संशोधन आपली पहिली पावले टाकीत होते आणि त्याचा सूत्रधार होता सूर्याचाच एक अभ्यासक, डॉ. विक्रम साराभाई. जिथे सूर्यपुत्राची कथा लिहिणारा लेखक जन्मला, तिथे सूर्याचा मागोवा घेणाऱ्या या वैज्ञानिकाचे चरित्र ऐकणे औचित्याचेच आहे.

आणखीही एक धागा आहे. विक्रमभाईंच्या निकटवर्ती सहकाऱ्यांत डॉ. एकनाथ वसंत चिटणीस यांचे स्थान अग्रभागी होते, आणि हे चिटणीस आपल्या कोल्हापूरचे. २५ जुलै १९२५ रोजी त्यांचा जन्म कोल्हापुरात झाला. वयाची शंभर वर्षे पूर्ण करून ऑक्टोबर २०२५ मध्ये पुण्यात त्यांनी देह ठेवला. त्यांच्याविषयी पुढे ओघाने सांगितले जाईलच.

सहज शिक्षणाचे संस्कार

विक्रम अंबालाल साराभाई यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबाद येथे झाला. पिता अंबालाल हे मोठे गिरणीमालक, माता सरलादेवी. घर श्रीमंत होते, पण निव्वळ भोगात रमणारे नव्हते. अंबालाल यांच्या भगिनी अनसूयाबेन यांनी अहमदाबादच्या गिरणी कामगारांचे संघटन उभारले. १९१८ च्या प्रसिद्ध संपात त्या कामगारांच्या बाजूने उभ्या होत्या आणि समोर मालकांच्या बाजूला त्यांचे सख्खे बंधू होते. तरीही भावाबहिणीचे नाते तुटले नाही. मतभेद असावेत पण मने दुभंगू नयेत, हा धडा त्या घरातील मुलांना पुस्तकातून शिकावा लागला नाही.

अंबालाल आणि सरलादेवी यांना आठ अपत्ये. त्यांच्यासाठी या दांपत्याने शाहीबागेतील आपल्या वास्तूतच शाळा उघडली. तिथे मुलांना गणित, भाषा आणि विज्ञान यांच्या जोडीला संगीत, चित्रकला, बागकाम आणि सुतारकामही शिकविले जाई. रवींद्रनाथ ठाकूर, सर चंद्रशेखर वेंकट रमण यांच्यासारखे पाहुणे घरी येत. लहानग्या विक्रमसाठी घरातच एक छोटे यंत्रघर होते. विज्ञान आणि कला ही दोन वेगळी खाती असतात, असे त्याला त्या वयात कोणी सांगितलेच नाही. पुढच्या आयुष्याचा पाया इथे घातला गेला.

१९३७ साली विक्रम केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात दाखल झाले. त्यांच्यासाठी रवींद्रनाथांनी शिफारसपत्र लिहिले होते. १९४० मध्ये त्यांनी निसर्गविज्ञानातील पदवी संपादन केली. दुसरे महायुद्ध पेटले होते, म्हणून ते मायदेशी परतले आणि बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत रमण यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करू लागले. होमी भाभाही त्या काळात तिथेच होते. १९४२ साली विक्रम यांचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याचा विषय विश्वकिरण हा होता.

किरणांच्या वाटेने ग्रहमालेचा शोध

विश्वकिरण म्हणजे काय, हे थोडक्यात समजून घेतले पाहिजे. अंतराळाच्या खोल गाभ्यातून अतिशय वेगवान असे विद्युत्भारित कण पृथ्वीवर अहोरात्र आदळत असतात. वातावरणातील अणूंशी त्यांची टक्कर होते आणि त्यातून नव्या कणांचा वर्षाव खाली येतो. आपण इथे बसलेलो असताना हे कण आपल्या देहांतून आरपार जात आहेत. वाटेत त्यांना सूर्य आणि पृथ्वी यांचे चुंबकीय क्षेत्र वळविते. त्यामुळे दिवसाच्या वेगवेगळ्या प्रहरी आणि वर्षाच्या वेगवेगळ्या काळात त्यांची संख्या किंचित बदलते.

विक्रमभाईंची प्रतिभा अशी, की त्यांनी या किंचित बदलालाच आपले साधन केले. दोन ग्रहांच्या मधल्या पोकळीत उपकरण पाठविण्याची सोय त्या काळी जगात कोणाहीपाशी नव्हती. मग त्या प्रदेशातून वाट काढीत आलेला कणच तेथील दूत मानावा, त्याची मोजणी दिवसरात्र करावी आणि तेथील परिस्थिती ताडावी. बियाणे कोणत्या रानातून आले ते दाण्यावरून ओळखणारा शेतकरी जे करतो, तेच हे. सूर्याची चंचलता, ग्रहांमधील अवकाश आणि पृथ्वीचे चुंबकत्व या तिन्हींचा परस्परसंबंध हा त्यांच्या आयुष्यभराच्या संशोधनाचा विषय ठरला.

या मोजण्यांसाठी ते काश्मीरच्या हिमशिखरांवर गेले. पुण्याच्या वेधशाळेतही त्यांनी काम केले आणि तिथेच डॉ. के. आर. रामनाथन या ज्येष्ठ हवामानशास्त्रज्ञांशी त्यांचा स्नेह जुळला. युद्ध संपल्यावर ते पुन्हा केंब्रिजला गेले आणि उष्ण कटिबंधातील विश्वकिरणांवर प्रबंध लिहून १९४७ साली डॉक्टरेट मिळवून परतले. देश स्वतंत्र होत होता आणि विक्रमभाई अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते.

त्याच वर्षी, ११ नोव्हेंबर १९४७ रोजी, अहमदाबादेत भौतिक संशोधन प्रयोगशाळेची स्थापना झाली. प्रारंभी तिला स्वतःची इमारतही नव्हती. एका विज्ञान महाविद्यालयाच्या काही खोल्यांत तिचा संसार मांडला गेला. रामनाथन तिचे पहिले संचालक झाले. नव्या इमारतीची पायाभरणी १९५२ मध्ये रमण यांच्या हस्ते झाली. आज ग्रहविज्ञानाच्या क्षेत्रात भारताचे जे नाव आहे, त्याची गंगोत्री हीच. २००८ साली निघालेल्या पहिल्या चांद्रयानाचे प्रमुख वैज्ञानिक जितेंद्रनाथ गोस्वामी हे याच प्रयोगशाळेचे होते. २०२३ साली चंद्रभूमीवर फिरलेल्या ‘प्रज्ञान’ गाडीवर मातीतील मूलद्रव्ये ओळखणारे जे उपकरण होते, तेही याच प्रयोगशाळेने घडविलेले.

नर्तकीचा गृहप्रवेश

परंतु ही झाली एका संसाराची अर्धीच कथा. उरलेली अर्धी बंगळुरात सुरू होते.

मृणालिनी स्वामिनाथन या तेव्हा बंगळुरात नृत्यसाधना करीत होत्या. त्यांचे घराणेही असामान्य. पिता मद्रासचे नामांकित विधिज्ञ. माता अम्मू स्वामिनाथन पुढे संविधान सभेच्या सदस्या झाल्या. थोरली बहीण लक्ष्मी म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या आझाद हिंद सेनेतील झाशीची राणी पलटणीच्या नेत्या कॅप्टन लक्ष्मी. एका बहिणीने हाती शस्त्र घेतले, दुसरीने पायी घुंगरू बांधले. दोघींच्याही ठायी निष्ठा एकाच जातीची होती.

मृणालिनीबाईंचे काही शिक्षण रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात झाले. भरतनाट्यम् त्या पंदनल्लूरच्या मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै यांच्याकडे शिकल्या आणि कथकळी तकळी कुंजु कुरुप यांच्याकडे. कथकळी हे त्या काळी पुरुषांचे क्षेत्र मानले जाई, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या जिद्दीची कल्पना येते.

१९४२ साली मद्रासला दोघांचा विवाह झाला. ‘चले जाव’ चळवळीने देश ढवळून निघाला होता आणि साराभाई कुटुंबातील मंडळी विवाहाला उपस्थित राहू शकली नाहीत. नववधू अहमदाबादेत आली ती एका सर्वस्वी परक्या प्रांतात. भाषा वेगळी, आहार वेगळा, चालीरीती वेगळ्या. सर्वांत मोठी अडचण अशी, की कुलीन घरातील विवाहितेने रंगमंचावर नृत्य करावे, ही कल्पनाच तेथील समाजाला रुचणारी नव्हती. ही अवस्था केवळ गुजरातची नव्हती. महाराष्ट्रातही त्या पिढीतील किती मुलींचे घुंगरू लग्नानंतर ट्रंकेच्या तळाशी गेले, याची नोंद कोणत्याही इतिहासात सापडणार नाही.

मृणालिनीबाईंचे घुंगरू ट्रंकेत गेले नाहीत. पतीने त्यांना नृत्याची नुसती परवानगी दिली असे म्हणणे अपुरे ठरेल. पत्नीची साधना ही आपल्या संशोधनाइतकीच गंभीर गोष्ट आहे, असे त्यांनी मानले. १९४९ साली या दोघांनी मिळून अहमदाबादेत ‘दर्पण’ ही संस्था स्थापन केली. प्रयोगशाळेनंतर अवघ्या दोन वर्षांत नृत्यशाळा! ज्या शहरात दक्षिणेच्या नृत्याचे नावही क्वचितच ऐकू येई, तिथे साबरमतीच्या काठावर भरतनाट्यम् आणि कथकळीचे पाठ सुरू झाले. पुढे याच संस्थेत मेहेर कॉन्ट्रॅक्टर यांनी कळसूत्री बाहुल्यांच्या कलेला नवे जीवन दिले आणि गुजरातच्या ‘भवाई’ या लोकनाट्यालाही तिथे आसरा मिळाला. आंबोलीचा घाट उतरताच दशावताराच्या भूमीत पोहोचणाऱ्या आजरेकरांना या आसऱ्याचे मोल वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

मृणालिनीबाईंची कला देवळाच्या कथांपुरती मर्यादित राहिली नाही. कथकळीच्या अंगाने त्यांनी ‘मनुष्य’ ही रचना केली आणि तीत जन्मापासून मृत्यूपर्यंतचा माणसाचा प्रवास मांडला. सौराष्ट्रात तरुण सुना जीव देत असल्याच्या बातम्या त्यांच्या वाचनात आल्या, तेव्हा त्यांनी तोच विषय नृत्यातून मांडला. हुंडा आणि सासुरवास यांवर लेख पुष्कळ लिहिले जातात. भरतनाट्यम् च्या मुद्रांतून तो आक्रोश रसिकांपुढे ठेवण्याचे धैर्य फार थोड्यांनी दाखविले. परंपरेची भाषा घेऊन वर्तमानाला प्रश्न विचारता येतो, हे त्यांनी सिद्ध केले. १९६५ साली ‘पद्मश्री’ आणि १९९२ साली ‘पद्मभूषण’ देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला.

नटराजाचे आकाश

या दांपत्याने साबरमतीच्या तीरावर उस्मानपुरा भागात जे घर बांधले, त्याचे नाव ठेवले ‘चिदंबरम्’.

या नावात त्या दोघांचे सारे जीवन सामावले आहे. तामिळनाडूतील चिदंबरम् हे नटराजाचे क्षेत्र. पंचमहाभूतांच्या पाच शिवस्थानांत ते आकाशतत्त्वाचे स्थान मानले जाते. चित् म्हणजे चैतन्य आणि अंबर म्हणजे आकाश. नर्तकीला तिथे नटराज भेटतो आणि अंतराळाच्या अभ्यासकाला आकाश भेटते. दोघांच्या उपासनेला पुरेल असे एकच नाव त्यांना आपल्या परंपरेच्या कोशात सापडले.

नटराजाचे नृत्य हे सृष्टीच्या उत्पत्ती, स्थिती आणि लय यांचे प्रतीक होय. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या जगप्रसिद्ध कणभौतिकी प्रयोगशाळेला भारताने नटराजाची मूर्ती भेट दिली आणि जून २००४ मध्ये तिची तेथे स्थापना झाली. मात्र इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. प्रतीक आणि प्रयोग या एकच वस्तू नव्हेत. नटराजाची मूर्ती घडविणाऱ्या शिल्पकाराला मूलकणांची समीकरणे ठाऊक होती, असा दावा करण्याचे कारण नाही आणि विक्रमभाईंनीही तो कधी केला नाही. ते कण मोजत होते. वर्षानुवर्षे, काटेकोरपणे, एकेका आकड्याची शहानिशा करीत मोजत होते. पण ज्या संस्कृतीने विश्वाचे मूळ गतीत, लयीत आणि आनंदात पाहिले, त्या संस्कृतीचा पुत्र विज्ञान आणि नृत्य यांना परस्परांचे वैरी मानणार नाही. नर्तकीला पायाचा ठेका एका मात्रेने चुकलेला चालत नाही आणि वैज्ञानिकाला मोजणीतील चूक चालत नाही. दोघांनाही हजारदा तेच करावे लागते, तेव्हा कुठे एकदा काही हाती लागते.

थुंब्याचे देवालय आणि कोल्हापूरचा सहकारी

१९६२ साली विक्रमभाईंच्या अध्यक्षतेखाली अंतराळ संशोधनाची राष्ट्रीय समिती स्थापन झाली. कोल्हापूरचे एकनाथराव चिटणीस तिचे सदस्य-सचिव झाले. चिटणीस हेही विश्वकिरणांचेच अभ्यासक. अमेरिकेत ब्रूनो रॉसी यांच्यासारख्या अग्रणी भौतिकशास्त्रज्ञाबरोबर ते काम करीत होते. विक्रमभाईंनी बोलाविले आणि ते १९६१ साली स्वदेशी परतले. परदेशात स्थिरावण्याची संधी हाताशी असताना परत येण्याचा निर्णय आजही सोपा नसतो. त्या काळी तर इथे ना उपकरणे होती, ना निधी, ना अनुभव.

अग्निबाण सोडण्यासाठी जागा हवी होती ती पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताजवळची, कारण तेथील उच्च वातावरणात वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहांचा अभ्यास करावयाचा होता. शोधाअंती तिरुअनंतपुरमजवळचे थुंबा हे मच्छीमारांचे गाव निश्चित झाले. या स्थाननिश्चितीत चिटणीसांचा मोठा वाटा होता. निवडलेल्या जागेवर सेंट मेरी मॅग्डालीन चर्च उभे होते आणि भोवती कोळ्यांची वस्ती होती. विक्रमभाईंनी सत्तेचा बडगा उगारला नाही. ते बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले, कार्य समजावून सांगितले, आणि गावाने आपले प्रार्थनास्थळ राष्ट्रकार्यासाठी मोकळे करून दिले. त्याच चर्चमध्ये पहिले कार्यालय थाटले गेले. अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेले जात असल्याचे छायाचित्र आज जगभर प्रसिद्ध आहे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी सायंकाळी तिथून पहिला अग्निबाण आकाशात झेपावला आणि त्याने सोडलेल्या सोडियमच्या बाष्पाचा नारिंगी ढग सागरावर उमटला.

महाराष्ट्राने या कार्याला आणखीही रत्ने दिली. पुण्याचे प्रमोद काळे थुंब्याच्या अगदी आरंभीच्या तुकडीत होते. डॉ. वसंत गोवारीकर इंग्लंडमधून विक्रमभाईंच्या निमंत्रणावरून आले आणि घन इंधनाच्या क्षेत्रात त्यांनी देशाला स्वयंपूर्ण केले. माणसे हेरणे, त्यांच्यावर विश्वास टाकणे आणि मग त्यांच्या कामात लुडबूड न करणे, हे विक्रमभाईंच्या कार्यपद्धतीचे मर्म होते. संघटनेत काम करणाऱ्या प्रत्येकाने ते मनात जपून ठेवावे असे आहे.

विक्रमभाईंचे एक प्रतिपादन या ठिकाणी आवर्जून सांगितले पाहिजे. ते स्पष्टपणे म्हणत, की चंद्र, ग्रह किंवा मानवी अंतराळ उड्डाण यांत संपन्न राष्ट्रांशी शर्यत करण्याचे स्वप्न भारत पाहत नाही. प्रगत तंत्रज्ञान आपल्या माणसांच्या खऱ्या प्रश्नांसाठी वापरण्यात मात्र आपण कोणाच्याही मागे असता कामा नये. ग्रहांमधील अवकाशाचा अभ्यास करण्यात ज्याचे तारुण्य गेले, त्याने हे म्हणावे, यातच त्याची थोरवी आहे. स्वतःच्या आवडीच्या विषयाला त्याने देशाच्या गरजेच्या पुढे नेले नाही. आधी शिक्षण, आधी हवामान, आधी शेती.

त्यांच्या निधनानंतर हेच स्वप्न साकार झाले. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरदर्शनचे शैक्षणिक कार्यक्रम पोहोचविले गेले. सीमेपलीकडील विजापूर, गुलबर्गा, रायचूर या जिल्ह्यांतील खेडी त्यांत होती. जगातील या स्वरूपाचा तो एक अपूर्व प्रयोग होता आणि त्याची धुरा वाहणाऱ्यांत चिटणीस प्रमुख होते. १९८५ साली त्यांना ‘पद्मभूषण’ने गौरविण्यात आले. आज आजऱ्याचा शेतकरी भातकापणीआधी पावसाचा अंदाज पाहतो, तेव्हा त्या अंदाजामागे उपग्रहाने टिपलेली ढगांची चित्रे असतात. अहमदाबादच्या त्या घरात पाहिलेले स्वप्न असे घनसाळच्या शिवारापर्यंत आले आहे. आणि जे शर्यतीसाठी नव्हते, तेही अखेर हाती आले. खेड्यांसाठी बांधलेल्या शिडीवरूनच देश चंद्रापर्यंत पोहोचला.

संसाराचे मोल

आता थोडे अवघड बोलणे आवश्यक आहे. मोठ्या माणसांची चरित्रे सांगताना त्यांचा संसार निष्कलंक सुखाचा होता, असे रंगविण्याची आपल्याकडे प्रथा आहे. तसे करणे हा सत्याचा अपलाप होय.

विक्रमभाईंवर किती भार होता, हे पाहावे. घरचे उद्योग, वस्त्रोद्योग संशोधन संस्था, १९६१ साली स्थापन झालेली अहमदाबादची व्यवस्थापन संस्था, भौतिक संशोधन प्रयोगशाळा, अंतराळ कार्यक्रम. जानेवारी १९६६ मध्ये होमी भाभा विमान अपघातात गेले आणि अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. १५ ऑगस्ट १९६९ रोजी भारतीय अंतराळ संशोधन संस्था स्थापन झाली. आठवड्यातील अनेक दिवस प्रवासात जात. चिदंबरम् मधले त्यांचे आसन बहुधा रिकामे असे. कार्तिकेय आणि मल्लिका या दोन अपत्यांचा पिता मायाळू होता, पण दुर्मिळ होता. या संसारात एकाकीपण होते, ताण होते, आणि मृणालिनीबाईंनी २००४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात ते लपविले नाहीत. पतीविषयीचा आदर आणि आपल्या मनातील रितेपण, दोन्ही त्यांनी प्रांजळपणे सांगितले.

इथे जमलेल्या कुटुंबांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. घरातील एक माणूस समाजकार्याला वाहून घेतो, तेव्हा त्या कार्याची किंमत घरातील दुसरे कोणीतरी मूकपणे चुकवीत असते. बैठका, प्रवास, वर्ग यांत कार्यकर्त्याचे दिवस सार्थकी लागतात. मुलाचा ताप, वृद्धांचे पथ्य, महिनाअखेरची ओढाताण ही मात्र घरी राहणाऱ्या व्यक्तीच्या वाट्याला येतात. हार घालताना त्या व्यक्तीची आठवण क्वचितच काढली जाते. विक्रमभाईंच्या चरित्रातून एक गोष्ट जरूर शिकावी आणि एक गोष्ट टाळावी. शिकावी ती ही, की पत्नीला केवळ त्याग करणारी सहधर्मिणी न मानता त्यांनी तिच्या साधनेला स्वतःचे घर, स्वतःचे धन आणि स्वतःची प्रतिष्ठा दिली. टाळावी ती ही, की स्वतःचा वेळ मात्र ते तिला देऊ शकले नाहीत.

३० डिसेंबर १९७१ रोजी केरळमधील कोवळम् येथे, घरापासून दूर, झोपेतच त्यांचे निधन झाले. थुंब्याच्या कामासाठी ते तिथे गेले होते. वय अवघे बावन्न वर्षांचे. देशाने त्यांना मरणोत्तर ‘पद्मविभूषण’ दिले. थुंब्याच्या केंद्राला त्यांचे नाव दिले गेले. चंद्रावरील एका विवरालाही आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने त्यांचे नाव दिले.

मृणालिनीबाई त्यानंतर चव्वेचाळीस वर्षे जगल्या. त्यांनी नृत्य सोडले नाही. ‘दर्पण’मध्ये हजारो शिष्य घडले. पुत्र कार्तिकेय यांनी पर्यावरण शिक्षणाचे मोठे कार्य उभे केले, कन्या मल्लिका नृत्यात आल्या. २१ जानेवारी २०१६ रोजी सत्त्याण्णवाव्या वर्षी मृणालिनीबाईंनी देह ठेवला, तेव्हा त्यांच्या पार्थिवापुढे कन्येने नृत्य करून आईला निरोप दिला. काहींना ते विचित्र वाटले असेल. परंतु ज्या घराचे नावच चिदंबरम्, त्या घरात अखेरचे वंदन आणखी कोणत्या रीतीने व्हावे?

घुंगरू खुंटीला टांगण्यापूर्वी

या चरित्राचे आपल्याशी नाते काय? ते फार जवळचे आहे. आपल्या घरातील मुलगी दहावीत जाते. पहिली आज्ञा निघते ती नृत्याचा वर्ग बंद करण्याची. मुलगा विज्ञान शाखेत जातो आणि तबल्यावर कापड पांघरले जाते. सांगितले जाते, की हे वर्ष महत्त्वाचे आहे, नंतर पाहू. नंतर म्हणजे कधी, हे कोणी सांगत नाही. विवाहानंतर हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो आणि तेव्हा घुंगरू कायमचे खुंटीला टांगले जातात. हे सारे मुलांच्या हितासाठीच केले जाते, यात शंका नाही. आईबापांच्या चिंतेची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु सुतारकाम, चित्रकला आणि संगीत यांच्यासह वाढलेला एक मुलगा देशाला अंतराळात घेऊन गेला, हे उदाहरणही डोळ्यांपुढे असू द्यावे.

आजऱ्याहून अहमदाबाद दूर आहे. साराभाईंची श्रीमंतीही आपल्यापाशी नाही. पण घराला चिदंबरम् करण्यासाठी गिरण्या लागत नाहीत. संध्याकाळी तासभर मुलीच्या पदन्यासासाठी मधली खोली मोकळी करून द्यावी, मुलाला गच्चीवर नेऊन शुक्र आणि गुरू ओळखायला शिकवावे, प्रवासावरून परतलेल्या कार्यकर्त्याने त्या दिवशीची पोळीभाजी स्वतः करावी, एवढ्याने आरंभ होतो. राष्ट्र मोठे करण्याचे काम जसे प्रयोगशाळेत आणि मैदानावर चालते, तसे ते या मधल्या खोलीतही चालते.

पाऊस ओसरला की आजऱ्याचे आकाश निरभ्र होते. अशा एखाद्या रात्री चंद्राकडे पाहताना मुलांना अवश्य सांगावे, की तिथे विक्रम उभा आहे. आणि त्याच वेळी त्यांना मृणालिनीचेही नाव सांगावे.